वळवाचा ढग बघा, मग गोव्याच्या हवामान बलूनवरनं स्ट्रॅटोस्फिअरमधल्या पाण्याचा हिशोब काढा

एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर पन्हाळ्यावर जावा आणि पूर्वेकडं बघा, ऊन पाठीशी असतं त्यामुळं वळवाचा ढग लई स्पष्ट दिसतो. तो चढत चढत एका उंचीला गेला की आजूबाजूची हवाच त्याच्यापेक्षा गरम लागते, मग डोकं चपटं होऊन ऐरणीसारखा पसरतो. त्या चपट्या भागावर कधी फुगवटा आला तर नजर हलवू नका, काही मिनिटांत बसतो, आणि एखादा जोरदार असला तर थेट स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे ढगांच्या वरच्या कोरड्या हवेच्या थरात, पाणी टाकून येतो. पण बहुतेक ढग हवा 12 ते 14 किमीलाच सोडतात, तिथनं पुढं ती सेकंदाला मिलिमीटरपेक्षाही कमी वेगानं, आठवडेच्या आठवडे सरकत वर जाते.

आता आकडे. वायोमिंग युनिव्हर्सिटीच्या साउंडिंग पेजवर (हवामान बलूननं वर जाताना मोजलेले आकडे इथं मिळतात) गोव्याचा स्टेशन नंबर 43192 टाका, वेळ 00झेड (जागतिक वेळेचे रात्रीचे 12) घ्या म्हणजे आपली पहाटे 5:30. पहिल्या कॉलममध्ये दाब, दुसऱ्यात उंची, तिसऱ्यात तापमान. दाब 100 हेक्टोपास्कलच्या (हवेच्या दाबाचं एकक) आसपास, म्हणजे साधारण साडेसोळा किमीला, सगळ्यात कमी तापमान शोधा, बलून आधीच फुटला असेल तर दुसरा दिवस घ्या.

खरी गंमत या एका आकड्यात आहे. हवा एवढी गार झाली की जास्तीची वाफ बर्फ होऊन खाली पडते आणि उरलेलीच वर जाते. 100 हेक्टोपास्कलला उणे 80 असेल तर दहा लाखात साडेपाच भाग वाफ राहू शकते, उणे 85 असेल तर जेमतेम अडीच, म्हणजे पाच डिग्रीत निम्म्याहून कमी! चौथ्या कॉलममधल्या दवबिंदूवरनं मात्र हा हिशोब करू नका, साध्या बलूनचा आर्द्रतेचा सेन्सर एवढ्या थंडीत भरवशाचा नसतो.

ब्रूअर नावाच्या शास्त्रज्ञानं 1949 मध्ये हेच ओळखलं. इंग्लंडवरची वरची हवा इतकी कोरडी होती की ती विषुववृत्तावरच्या थंडीतनंच वर गेलेली असणार, दुसरीकडं कुठं हवा वर चढताना एवढ्या थंडीतनं जातच नाही.

एकट्या गोव्यावर थांबू नका. जानेवारीत हवा सगळ्यात जास्त सुकते ती इंडोनेशिया आणि पश्चिम पॅसिफिकवर, म्हणून सिंगापूरचा 48698 पण उघडा आणि जानेवारी-जुलैचे आकडे शेजारी-शेजारी लिहून काढा.