गोधडीचं डिझाइन सुचत नाही? या चुका टाळा

गोधडी शिवायचं मनात आलं की आपण आधी मोबाइल उघडतो. तासाभरात पन्नास फोटो सेव्ह होतात, कात्री मात्र डब्यातच राहते. त्या फोटोतलं कापड आपल्याकडे नसतं ना! मग नाशिकच्या मेन रोडला एक चक्कर, तीन-चार मीटर नवं सुती कापड, आणि घरी आल्यावर परत तोच प्रश्न.

त्यापेक्षा आधी कपाट उपसा. जुनी लुगडी, शर्ट, ब्लाउजपीस, सगळं फरशीवर पसरून बघा. माझी आजी कागदावर नक्षी कधी काढायची नाही. हाताशी जेवढं ठिगळ, तेवढी नक्षी.

दुसरी चूक माझी स्वतःची. द्राक्षाच्या घडावरून उशीचा अभ्रा करायचा म्हणून जांभळा, बाटलीहिरवा आणि मरून असे तीन रंग घेतले. हातात धरल्यावर सुरेख! दारात उभं राहून पाहिलं तर सगळा मिळून एकच काळपट डाग. रंग वेगळे होते, पण तिन्ही सारखेच गडद. आता मी ठिगळं मांडली की मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढते. त्यात दोन ठिगळं एकमेकांत मिसळली तर एक बदलायचं. त्या अभ्र्यात जुन्या धोतराचे पांढरट तुकडे मधे घातले, तेव्हा कुठे द्राक्षाचे मणी दिसायला लागले.

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांवर गेलात तर मूर्तीच्या मागे लागू नका, कापडात ती जमत नाही. दगडात कोरलेली वेदिकेची, म्हणजे कठड्याच्या नक्षीची पट्टी बघा. उभे खांब, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, सगळं सरळ कापायचं काम. फोटो काढताना फ्लॅश नको, कोरीवकाम सपाट दिसतं.

येवल्याच्या पैठणीचंही तसंच. पदरावरचा मोर ठिगळात उतरवायला गेलं की त्याची कोंबडी होते, निदान माझी तरी झाली. नारळी काठ घ्या, त्रिकोणामागे त्रिकोण. आणि खऱ्या पैठणीचा तुकडा रोज वापरायच्या, धुवायच्या गोधडीत घालू नका. रेशीम, जरीचे धागे आणि सुती कापड धुतल्यावर वेगवेगळं वागतं.

कागदावर आखताना आपण शिलाईचा दाब, म्हणजे शिवणीत आत जाणारं कापड, विसरतो. 12 इंची चौकोनात 9 ठिगळं म्हणजे प्रत्येकी 4 इंच, म्हणून 4 इंचच कापली तर चौकोन साडेदहा इंचांचा होतो. चारही बाजूंना पाव-पाव इंच धरून साडेचार इंच कापा.

लाल, निळं कापड असेल तर ओला पांढरा रुमाल चोळून बघा. रुमालाला रंग लागला की ते कापड पांढऱ्याशेजारी नको. विरलेलं लुगडं उजेडासमोर धरलं की कळतंच. ते वर लावू नका, आतल्या थरात घाला.

आणि पहिल्याच खेपेला डबलबेडची गोधडी नको. बाळाची दुपटी, उशी, फार तर आसन. मांडणी मनासारखी जमली की उचलण्याआधी फोटो काढा, ठिगळांच्या मागे खडूने नंबर घाला आणि हे सगळं होईपर्यंत पंखा बंद ठेवा.