आधी मूल कुठे आहे ते बघा, मग रिव्हर्स टाका: पार्किंगमधल्या या चुका टाळा

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. सोसायटीच्या कोपऱ्यात मुलांच्या किल्ल्याचं काम जोरात चाललेलं. मी गाडीत बसलो, आरशात पाहिलं, मागे कुणी नव्हतं. रिव्हर्स टाकला, क्लच सोडायला लागलो आणि वॉचमनमामांनी बॉनेटवर जोरात थाप मारली. शेजारची चार वर्षांची मुलगी माझ्या गाडीमागे दोन हातांच्या अंतरावर उकिडवी बसून माती भिजवत होती. सेन्सर वाजत होता. पण मागे तिरक्या लावलेल्या दुचाक्यांमुळे तो रोजच वाजायचा आणि मी तो रोजच कानाआड करायचो.

त्या थापेमुळे हा लेख लिहितोय.

असे अपघात हायवेवर होत नाहीत. ते अंगणात, पार्किंगमध्ये, शाळेच्या फाटकापाशी होतात. गाडी माणूस चालतो त्याच वेगाने सरकत असते आणि चालवणारा बहुतेक वेळा घरातलाच असतो: बाबा, काका, आजोबा, नाहीतर रोजचे व्हॅनकाका. नुकतं चालायला लागलेल्या मुलांना सगळ्यांत जास्त धोका, कारण ती एवढीशी असतात, क्षणात कुठून कुठे पोचतात आणि गाडी मागे येतेय म्हणजे काय हे त्यांना कळतच नाही.

"अहो, आत्ताच तर आत होता"

सगळ्यांत मोठी चूक ही. बाबा कामाला निघतात, मूल दारात उभं राहून टाटा करतं, दार लोटलं जातं. घरातल्यांना वाटतं पोर आत आहे. पोराला मात्र अजून एकदा टाटा करायचा असतो. ते मागच्या दाराने किंवा जिन्याने थेट गाडीपाशी येतं. तुम्ही चावी फिरवून, पट्टा लावून, मोबाईल ठेवून गिअर टाकेपर्यंत अर्धा मिनिट जातो. दोन वर्षांच्या मुलाला तेवढा वेळ पुष्कळ झाला.

"लक्ष ठेव गं" एवढं म्हणून भागत नाही. घरात चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरं कुणीतरी बघतंय. पाहुणे आले असले, लग्नघर असलं की हे जास्तच. म्हणून आमच्या घरात आता एकच नियम आहे: गाडी हलायच्या आधी मूल कुणाच्या तरी कडेवर किंवा हाताला धरलेलं हवं आणि त्या माणसाने मोठ्याने सांगायला हवं, "माझ्याकडे आहे." हे ऐकू आल्याशिवाय मी गाडी सुरू करत नाही. घरात मोठं दुसरं कुणी नसेल तर मुलाला आधी गाडीत बसवून पट्टा लावायचा. गाडी नुसती या जागेवरून त्या जागेवर घ्यायची असली, धुवायला बाहेर काढायची असली तरी हेच.

"सेन्सर आहे की!"

१ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारला रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. चांगलं झालं. पण जुन्या गाड्या, रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर यांच्या मागे तो नसतोच. आणि असला तरी त्याची धाव साधारण दीड मीटर. हिशेब करून बघा. ताशी ५ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १.४ मीटर मागे जाते. म्हणजे पहिला आवाज कानावर पडल्यापासून बंपर मुलापर्यंत पोचायला सेकंदभर. दचकून ब्रेक दाबायलाही माणसाला तेवढाच वेळ लागतो. बाजूने पळत येणारं मूल तर त्याच्या टप्प्यात उशिराच येतं.

सेन्सर सतत वाजत असेल तर आवाज बंद करू नका, कारण शोधा. बहुतेक वेळा सेन्सरवर चिखल सुकलेला असतो, नंबरप्लेटची फ्रेम किंवा मागून बसवलेला गार्ड आड येत असतो, नाहीतर माझ्यासारखं दुचाक्यांचं गर्दीचं पार्किंग असतं. फडक्याने पुसा. तरी थांबलं नाही तर गॅरेजमध्ये दाखवा. माझ्या बाबतीत उपाय साधा होता: दुचाक्या हलवल्या.

अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या कारना रिव्हर्स कॅमेरा सक्तीचा आहे. कॅमेऱ्याचा उपयोग खरोखर मोठा आहे, पण पावसाळ्यात त्याच्या काचेवर थेंब आणि चिखल बसतो. काही गाड्यांत स्क्रीन सुरू व्हायला दोन-तीन सेकंद लागतात आणि घाईचा माणूस तोवर निघालेला असतो. चित्र स्वच्छ दिसेपर्यंत ब्रेकवरून पाय काढू नका. ऑटोमॅटिक गाडीत तर अजिबातच नको. तिथे ॲक्सिलरेटर दाबावा लागत नाही, ब्रेक सोडला की गाडी आपोआप सरकते.

बादली ठेवून बघा

मला हे शब्दांनी नीट पटवता आलं नसतं, म्हणून १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर आम्ही पार्किंगमध्ये एक लाल बादली आणली. चालकाच्या सीटवर एकेकाने बसायचं आणि दुसऱ्याने बादली मागे मागे नेत जायची. आरशात ती पहिल्यांदा कधी दिसते? हॅचबॅकच्या मागे बऱ्याच पावलांवर. एका उंच एसयूव्हीच्या मागे तर बादली जवळजवळ समोरच्या रांगेपर्यंत न्यावी लागली. तिच्या पुढेही तेच. बॉनेट मोठ्या माणसाच्या कमरेच्या वर, त्यामुळे नाकासमोर उभं असलेलं लहान मूल दिसतच नाही. आपण नेहमी मागचंच बोलतो, पण गाडी पुढे काढतानाही हाच धोका असतो.

मग मुलांनाही सीटवर बसवलं, चावी माझ्या खिशात ठेवून. सात वर्षांचा एकजण म्हणाला, "काका, पण बादली तर तिथेच आहे ना?" त्या दिवसापासून ती मुलं गाडीचा मागचा दिवा लागला की एकमेकांना ओढून बाजूला घेतात. ओरडून सांगितलेलं लक्षात राहत नाही, हे राहिलं.

यातून मोठ्यांनी घ्यायची सवय एकच: गाडीत बसायच्या आधी तिच्याभोवती पूर्ण फेरी मारायची, वाकून खालीही बघायचं. लगेच बसायचं आणि लगेच निघायचं. फेरी मारून मग दहा मिनिटं फोनवर बोलत बसलात तर ती फेरी वाया गेली.

स्कूटर चालू ठेवून उतरणं

पोराला पुढे फूटबोर्डवर उभं करून दूध आणायला जाणं हे आपल्याकडे रोजचं दृश्य. दुकानापाशी "दोनच मिनिटं" म्हणून इंजिन चालू ठेवून वडील उतरतात. मुलाचे हात हँडलवरच असतात. गिअर नसलेली स्कूटर मूठ पिळली की निघाली. म्हणून क्रम ठरवून टाका: आधी इंजिन बंद, मग चावी खिशात, मग मूल खाली, आणि सगळ्यांत शेवटी तुम्ही. इलेक्ट्रिक स्कूटरला आणखी जपा. ती चालू आहे की बंद हे आवाजावरून कळतच नाही.

आठवीतल्या मुलाला "इथल्या इथे" म्हणून गाडी देणारेही खूप आहेत. ती गेटबाहेर पडली की मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ लागतं: पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. पण कायद्याच्याही आधी मला त्या गेटच्या आत सायकल चालवणारी लहान मुलं दिसतात.

उभी गाडी

उतारावर हँडब्रेक ओढा आणि गाडी गिअरमध्येही ठेवा. ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी म्हणजे पार्कवर. चावी खुंटीवर, मुलाच्या हाताला येणार नाही इतकी उंच. पॉवर विंडोचं लॉक लावून ठेवा. आणि रिकामी गाडी अंगणातसुद्धा लॉक करा. लपंडावात आत शिरलेलं मूल उन्हात अडकू शकतं.

शेतावर आणि शाळेपाशी

ऊसतोडीच्या दिवसांत मजूर आपली तान्ही मुलं फडावर घेऊन येतात. सावली कुठे, तर ट्रॉलीखाली. पोर तिथेच दुपट्यावर निजतं. ट्रॅक्टरचा आवाज इतका की रडणं ऐकू येत नाही, आणि भरलेल्या ट्रॉलीमागचं चालकाला काहीच दिसत नाही. मुकादमाने बांधाच्या पलीकडे, ट्रॅक्टर जाणार नाही अशा जागी झोळी बांधायला लावावी आणि ट्रॅक्टर सुरू करण्याआधी चालकाने ट्रॉलीखाली स्वतः वाकून बघावं. मडगार्डवर पोरांना बसवून घरी नेण्याची हौसही सोडा. पहिल्याच खड्ड्यात ते थेट मोठ्या चाकापुढे पडतं.

शाळेच्या व्हॅनमधून उतरलेलं मूल पुढून वळसा घालून पलीकडे जातं, नाहीतर पडलेली पाण्याची बाटली उचलायला चाकापाशी वाकतं. व्हॅन घराच्याच बाजूला थांबायला सांगा. बसमध्ये मदतनीस असणं राज्याच्या २०११ च्या स्कूलबस नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. तो किंवा ती खाली उतरून मुलाला घरच्यांच्या हाती देते का, हे एकदा जाऊन बघा. शाळेच्या परिवहन समितीत हा विषय काढायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सोसायटीने काय करावं

मुलांना पार्किंगमध्ये खेळू नका म्हणायचं तर खेळायला दुसरी जागा द्यायला हवी. आम्ही किल्ल्याची जागा बदलली, गाड्यांच्या रांगेपासून लांब, आणि ये-जा अडवायला दोन जुने बाक आडवे लावले. बेसमेंटमध्ये बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर काही क्षण डोळ्यांपुढे अंधार येतो, म्हणून उताराच्या तोंडाशी दिवे वाढवले. संध्याकाळी डबा ऐसपैस रंगतो तेव्हा गाडी काढायची असेल तर वॉचमनमामा मागे उभे राहतात. त्यांना हे काम अधिकृतपणे सांगा. नाहीतर मालकाच्या गाडीवर थाप मारायला माणूस कचरतो.

धक्का जाणवला तर

जागेवर थांबा. पुढे-मागे काहीही करू नका. घाबरून गाडी उलट दिशेला घेतली की चाक पुन्हा त्याच अंगावरून जाऊ शकतं. हँडब्रेक, इंजिन बंद, खाली उतरून बघा. १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल किंवा मान-पाठ दुखत असेल तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मुलाला उचलून हलवू नका, आणि पाणी पाजू नका. रक्त नाही, मूल उठून चालतंय, तरीही दवाखान्यात न्या. पोटातला मार वरून दिसत नाही. सोबत ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्यालाच घ्या, म्हणजे चाक पायावरून गेलं की पोटावरून, हे डॉक्टरांना नेमकं सांगता येईल.