जुन्या स्नायपर रायफलचा स्कोप माउंट नक्की कोणी बनवला, हे कसं ओळखायचं

मागच्या हिवाळ्यात इथे इंग्लंडमध्ये एका लिलावात दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश नंबर ४ टी या .३०३ बोअरच्या स्नायपर रायफलचा सुटा स्कोप ब्रॅकेट, म्हणजे नेम धरायची दुर्बीण (स्कोप) रायफलवर धरून ठेवणारा माउंट, आला होता आणि चिठ्ठीवर लिहिलेलं की बनवणार हॉलंड अँड हॉलंड. हातात घेतला, खिडकीपाशी नेला, जरा तिरका धरला तर काळ्या रंगाखाली बारीक एन९२ हा कारखान्याचा कोड दिसला. म्हणजे तो ब्रॅकेट हॉलंडचा नव्हताच, गेन्सबरोच्या रोझ ब्रदर्सचा होता. ही चूक इतक्या वेळा बघितलीये की म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू. एका माउंटवर चार जणांच्या खुणा असू शकतात, बनवणाऱ्याची, तपासणाऱ्याची, ज्या रायफलवर बसवला तिची, आणि नंतर कधी दुरुस्त केला असेल तर त्यांची, आणि कुठली कोणाची हे वेगळं करता आलं की निम्मं काम झालं.

आधी हॉलंडचा घोळ कुठून येतो ते बघा. पहिल्या काही नंबर ४ टी एनफिल्डच्या सरकारी कारखान्यातच तयार झाल्या, मग १९४२ पासून काम लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे गेलं, शिकारीच्या महागड्या बंदुकांसाठी नाव असलेली कंपनी. त्यांच्या हातून २६ हजारांच्या वर रायफली गेल्या. पण त्यांचं काम काय होतं, तर अचूक नेम लागतो म्हणून निवडलेली रायफल घ्यायची, डाव्या अंगाला पुढे-मागे दोन पॅड, म्हणजे ब्रॅकेट टेकायचे धातूचे तुकडे, बसवायचे, आणि त्यावर ब्रॅकेट आणि स्कोप जुळवून द्यायचे. ब्रॅकेट बाहेरून ओतून यायचे. त्यामुळे दस्त्याच्या खालच्या बाजूला एस५१ असा ठसा दिसला तर रायफल हॉलंडने तयार केली एवढंच कळतं, ब्रॅकेटबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

हे एस५१, एन९२, एम४७सी म्हणजे युद्धकाळातले कारखान्यांचे कोड. शत्रूला कुठे काय बनतंय ते कळू नये म्हणून नावाऐवजी कोड, पहिलं अक्षर भागाचं, एम म्हणजे मिडलंड्स, एन म्हणजे उत्तर, एस म्हणजे दक्षिण. एम४७सी हा बीएसए या बंदूक बनवणाऱ्या कंपनीच्या शर्ली कारखान्याचा, तो रायफलवर दिसतो. रोझ ब्रदर्सबद्दल थोडं जास्त सांगतो कारण मला ही कंपनी फार आवडते, मूळ धंदा गोळ्या-चॉकलेटं कागदात गुंडाळायची मशिनं बनवायचा, कॅडबरीच्या रोझेस चॉकलेटचं नाव यांच्यावरूनच पडलं असं सांगतात, आणि युद्धात याच लोकांनी काही लँकेस्टर बॉम्बर विमानांच्या शेपटीतला मशीनगनचा टरेट (फिरता बुरूज) बनवला. म्हणजे तुमच्या हातातला तो ओबडधोबड लोखंडी तुकडा चॉकलेटवाल्यांच्या शेडमधून आलाय.

आता प्रत्यक्ष बघायचं कसं. तारेचा ब्रश, कानस, गंज काढायचं केमिकल काही म्हणजे काही लावू नका, मी एक ब्रॅकेट बघितलाय जो कोणीतरी चकचकीत घासला होता आणि खुणांच्या जागी फक्त सावली उरली होती. मऊ जुना टूथब्रश आणि थोडं तेल पुरे. मग खोली अंधारी करा आणि टॉर्च अगदी आडवा, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून धरा, समोरून उजेड मारलात तर काहीच दिसणार नाही. टॉर्च हळूहळू फिरवत मोबाईलवर आठ-दहा फोटो काढा. अक्षर पुसट असेल तर वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा, लहानपणी नाण्यावर करायचो तसं.

अक्षर उठावदार आहे का खोलगट हेही बघा. उठावदार असेल तर ते साच्यातूनच आलंय, ओतकाम करणाऱ्याचं. खोलगट असेल तर नंतर पंचाने मारलंय. बाणासारखी खूण असते तो ब्रॉड अ‍ॅरो, सरकारी मालाची खूण, तिला बनवणारा समजू नका. मोठे, जरा वाकडेतिकडे हाताने मारलेले आकडे म्हणजे रायफलचा नंबर, कारण ब्रॅकेट त्याच रायफलला जुळवलेला असायचा. नंबर खोडून दुसरा मारलेला दिसला तर घाबरू नका, लष्करात भाग बदलले जायचेच, आणि १९७० च्या सुमारास यातल्या बऱ्याच रायफली ७.६२ मिमी गोळीच्या एल४२ए१ या नव्या रायफलीत बदलल्या तेव्हाही जुनेच ब्रॅकेट वापरले.

स्कोपच्या खुणा ब्रॅकेटवर चिकटवू नका, ही दुसरी मोठी चूक. नंबर ४ टी वरच्या नंबर ३२ स्कोपच्या नळीवर टीटीएच असेल तर लेस्टरचे टेलर, टेलर अँड हॉबसन, एके अँड एस असेल तर लीड्सचे करशॉ. त्यांनी काच-नळीचं काम केलं, माउंटचं नाही. तिथेच ओएस ४६६ए असं काहीतरी असतं, लोक त्याला सिरीयल नंबर समजून जुळवत बसतात, तो भांडारातला कॅटलॉग नंबर आहे, त्या मार्कच्या, म्हणजे आवृत्तीच्या, सगळ्या स्कोपवर तोच. स्कोपचा खरा नंबर रायफलच्या दस्त्याच्या मानेवर, लाकडात मारलेला असतो, तो आणि नळीवरचा जुळला तर जोडी मूळची असण्याची शक्यता बरीच वाढते.

जर्मन के९८के रायफलवर हाच घोळ कारखान्याच्या तीन अक्षरी कोडमुळे होतो. रायफलवर बीवायएफ म्हणजे ओबर्नडॉर्फचं माउझर, स्कोपवर डीडीएक्स म्हणजे ब्राउन्श्वाइगचे फॉइग्टलेंडर, बीएमजे म्हणजे वेट्झलारचे हेन्सोल्ट. माउंटचा कोड माउंटवरच शोधायचा. गरुडाखाली डब्ल्यूएए आणि आकडा दिसला तर ती तपासनीसाची खूण, डब्ल्यूएए१३५ माउझरमध्ये बसायचा, म्हणून तो मदत करतो पण ती बनवणाऱ्याची सही मात्र नाही.

अमेरिकन त्या मानाने सोपे, आकारावरूनच कळतात. एम१सी गॅरंड रायफलला न्यूयॉर्कच्या ग्रिफिन अँड हाऊचा बाजूचा माउंट, दोन खटक्यांनी निघणारा. १९०३ए४ रायफलला डेन्व्हरच्या रेडफिल्डचा ज्युनियर नावाचा माउंट, त्याची पुढची रिंग (स्कोप धरणारी कडी) फिरवून बसते आणि मागची दोन्ही बाजूंच्या स्क्रूने दाबली जाते. एम१डी या गॅरंडला बंदुकीच्या नळीच्या मागच्या टोकावरच माउंट आणि एक मोठा हाताने फिरवायचा स्क्रू.

नकली माल भरपूर आहे. नंबर ४ चा खरा ब्रॅकेट ओतीव लोखंडाचा, म्हणून चुंबक लावून बघा, न चिकटला तर विषय संपला. चिकटला तरी आतल्या कोपऱ्यांत बघा, ओतकामाची खरबरीत कातडी राहिलेली असते आणि जिथे पॅडवर टेकतो तेवढंच मशिनने साफ केलेलं असतं. सगळीकडून एकसारखा गुळगुळीत असेल तर मी तरी पैसे देणार नाही. रिंगच्या वरच्या टोप्यांवरही जुळणीचे बारीक आकडे असतात, ते ब्रॅकेटवरच्या आकड्यांशी पडताळा.

भारतात .३०३ प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेला बोअर, आहे, त्यामुळे तिकडच्या बहुतेकांना ही रायफल रेजिमेंटच्या म्युझियममध्ये काचेआडच भेटेल. तिथे डाव्या बाजूने उभे राहा, मोबाईलचा झूम लावा आणि दोन टोप्यांच्या मधल्या अंगाचा फोटो तिरक्या कोनातून घ्या.