ठाण्याहून अन्नपूर्णा बेस कॅम्प, जोडीने

नवरा-बायकोने मिळून नेपाळमधल्या अन्नपूर्णा बेस कॅम्पला, म्हणजे अन्नपूर्णा शिखराच्या पायथ्याच्या तळाला, चालत जायचं ठरवलं असेल, तर बूट घेण्याआधी एक गोष्ट ठरवा: दोघांत हळू कोण चालतं? आमच्याकडे मी. माझं वय ५२, यांचं ५६. ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर चढताना हे भराभर पुढे जाऊन माझी वाट बघत थांबायचे आणि मी पोचले की लगेच पाऊल उचलायचे. म्हणजे विश्रांती यांची व्हायची, माझी नाहीच. मग आम्ही क्रम बदलला. हळू चालणारं माणूस पुढे, दुसरं मागे. वर पोचेपर्यंत हाच क्रम ठेवला.

सरावाला चार महिने द्या. रोज पहाटे येऊर, सुट्टीच्या दिवशी कसारा लोकलने आसनगावला उतरून माहुली, आणि एकदा तरी कळसूबाई, पाठीवर भरलेली सॅक घेऊनच. पण आमच्या खरा कामाला आला तो इमारतीचा जिना. बहुतेक जण जिने चढायचा सराव करतात. आम्ही लिफ्टने चौदाव्या मजल्यावर जायचो आणि चालत उतरायचो, आठ-दहा वेळा. उतरताना मांडीचे स्नायू शरीराला ब्रेक लावत असतात, ते थकले की सगळा भार गुडघ्यावर येतो. वाटेवरच्या छोमरोंग गावातून नदीकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या संपता संपत नाहीत. पलीकडे सिनुवा गावाला चढायचं, आणि परतीला दमलेल्या पायांनी त्याच पायऱ्या पुन्हा चढायच्या. दोघांना मिळून चार काठ्या घ्या, दोन पुरत नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मूळ मतदार ओळखपत्र न्या, आधार कार्डाच्या भरवशावर निघू नका. अन्नपूर्णा क्षेत्राचा परवाना भारतासह सार्क देशांच्या नागरिकांना १००० नेपाळी रुपयांत मिळतो. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १.६०. रोख पोखरा शहरातच काढून घ्या, वर एटीएम नाही. विमा घेताना तो किती उंचीपर्यंत लागू आहे आणि हेलिकॉप्टरचा खर्च त्यात आहे का, हे पॉलिसीत स्वतः वाचा.

आता उंचीबद्दल. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे छोमरोंगसुद्धा तिच्याहून उंच. बेस कॅम्प ४१३० मीटरवर. तिथल्या विरळ हवेची सवय येऊर लावू शकत नाही, ती तिथेच आणि सावकाश लागते. ३००० मीटरच्या वर गेलात की आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंचावर झोपू नका. वाटेवरच्या देउराली या मुक्कामाहून एका दिवसात थेट बेस कॅम्प गाठणारे पुष्कळ दिसतात. आम्ही मधे माच्छापुच्छ्रे बेस कॅम्पला, ३७०० मीटरवर, मुक्काम केला. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

देउरालीला यांनी अर्धा डाळभात ताटात तसाच टाकून दिला. हे घरी ताटात शीत ठेवत नाहीत. मी विचारलं, "अहो, डोकं दुखतंय का?" तेव्हा कळलं की दुपारपासून ठणकतंय. मला काळजी नको म्हणून बोलले नव्हते. मला रागही आला आणि भीतीही वाटली. दुसऱ्या दिवशी वर न जाता तिथेच थांबलो. संध्याकाळपर्यंत डोकं दुखायचं थांबलं, पोटभर जेवले, मगच पुढे निघालो. म्हणून वेळापत्रकात दोन दिवस मोकळे ठेवाच. ते नसते तर आम्हीही ओढाताण केली असती. रोज रात्री एकमेकांना तीन गोष्टी विचारा: डोकं कसं आहे, भूक लागली का, झोप लागते का. डोकेदुखी थांबत नसेल, उलट्या होत असतील किंवा चालताना तोल जात असेल, तर रात्र असली तरी गाईडला उठवून खाली उतरायचं. "खाली" हा शब्द जो आधी उच्चारेल, त्याच्याशी दुसऱ्याने वाद घालायचा नाही, हे आम्ही ठाण्यात स्वयंपाकघरातच ठरवून टाकलं होतं.

देउरालीच्या पुढे हिमकडे कोसळण्याची जागा आहे. वसंतात ती पहाटेच ओलांडा, ऊन चढलं की बर्फ सैल होतं. खाण्यासाठी मेतकूट आणि डिंकाचे लाडू न्या. छोमरोंगच्या वर मांस नेत नाहीत, तो भाग तिथल्या लोकांना पवित्र आहे. माच्छापुच्छ्रे शिखरावर चढाईलाही बंदी आहे. गरम भात-मेतकूट खाऊन आम्ही पहाटे बेस कॅम्पच्या अंगणात उभे राहिलो. समोर ८०९१ मीटरची अन्नपूर्णा, तिच्या माथ्यावर पहिलं ऊन. यांनी माझा हात धरला होता, दोघांचेही हातमोजे ओले होते.

परतीला झिनू गावात मुक्काम करा. खाली नदीकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत, तिथे गुडघे तासभर बुडवून बसा. टॉवेल आणि कोरडे कपडे सोबत असू द्या. काठ्याही न्या, कारण कुंडाकडून गावात परत यायला चढ आहे.