गणपतीला गावी निघण्याआधी प्लांटेड टँकची तयारी

घरी दोन फुटांचा किंवा त्याहून छोटा प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत झाडं लावलेला माशांचा टँक, आहे आणि गणपतीत आठ-दहा दिवस घराला कुलूप लावून कोकणात जायचंय, अशांसाठी ही यादी. माशांना खायला कोण घालणार, ही सगळ्यांची पहिली काळजी असते. खरं तर ती शेवटची असायला हवी. धडधाकट मोठे मासे आठवडाभर उपाशी सहज राहतात, पण फिल्टर बंद पडला तर त्यांच्या हातात एवढा वेळ नसतो. गेल्या वर्षी मी बाकी सगळं केलं होतं. फक्त वीज जाऊन आल्यावर फिल्टर आपणहून पाणी ओढतो का, तेवढं बघायचं राहिलं. म्हणून ही एक गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाचा.

निघायच्या तीन आठवडे आधीपासून टँकमध्ये नवीन काही आणू नका. नवीन मासे नाहीत, नवीन माती नाही, फिल्टरमधला मीडिया (स्पंज, सिरॅमिक रिंगा) बदलणं तर नाहीच. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. स्पंजवर, सिरॅमिक रिंगांवर आणि मातीत वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट झाडं खातात. ही साखळी नव्या टँकमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. टँक महिन्याभराचाही नसेल तर मासे ओळखीच्या कुणाच्या जुन्या टँकमध्ये ठेवून जा. त्यावर दुसरा उपाय नाही.

फिल्टर धुवायचा तो निघायच्या आठ-दहा दिवस आधी, आदल्या रात्री नाही. धुताना काही चुकलं तर ते तुम्ही घरात असताना दिसायला हवं. टँकमधलंच पाणी बादलीत काढा आणि स्पंज त्यात दोन-तीनदा पिळा. नळाखाली धरू नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. स्पंज तपकिरी दिसतोय म्हणून पांढरा होईपर्यंत चोळत बसू नका, तो तपकिरी थरच तर आपल्याला हवाय. रिंगांना हात लावू नका. इम्पेलर, म्हणजे मोटरमधला पाणी ढकलणारा छोटा पंखा, मात्र काढा. त्याच्या भोवतीचा बुळबुळीत थर आणि गुंडाळलेले मुळांचे धागे जुन्या टूथब्रशने साफ करा. आतली दांडी बारीक असते, ओढाताण केली की मोडते.

आता मुख्य गोष्ट. काचेवर मागे टांगायचा फिल्टर असेल तर त्याची बनावट समजून घ्या. बऱ्याच मॉडेलमध्ये मोटर वर, डब्याच्या बुडाशी असते आणि पाणी ओढणारी नळी खाली टँकमध्ये लोंबते. वीज गेली की नळीतलं पाणी हळूहळू टँकमध्ये उतरतं. वीज आली की इम्पेलर हवेत फिरत राहतो, घरघरतो, तापतो, पण पाणी उचलत नाही. टँकची पातळी जितकी खाली, तितका हा धोका जास्त. दहा दिवस बंद घरात पाणी उडणार, पातळी उतरणार, वर भाद्रपदातला पाऊस, म्हणजे वीज जाणारच. ही तिन्ही नेमकी एकाच वेळी जुळून येतात.

म्हणून चाचणी करा. घरातला मेन स्विच बंद करा. पाच सेकंदांत पुन्हा चालू करू नका. तेवढ्या वेळात नळी रिकामीच होत नाही, फिल्टर सुरू होतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवा, मग चालू करा आणि फिल्टरमधून टँकमध्ये पाण्याचा धबधबा पडतोय का ते डोळ्यांनी बघा. आवाजावर जाऊ नका, रिकामा इम्पेलरही आवाज करतो. त्यानंतर टँकमधलं पाणी दोन-अडीच इंच काढा आणि हेच सगळं पुन्हा करा. पहिल्या वेळी पास झालेले कितीतरी फिल्टर या दुसऱ्या वेळी अडकतात. या चाचणीत आणखीही बऱ्याच गोष्टी उघड्या पडतात. काही स्मार्ट प्लग वीज परत आल्यावर बंदच राहतात. साधे काट्यांचे टायमर वीज नसताना थांबतात आणि मग दिव्याची वेळ पुढे सरकते. सेटिंग वाचून हे समजत नाही. मेन स्विच बंद करूनच समजतं.

फिल्टर नापास झाला तर मोटर नळीच्या खालच्या टोकाला, पाण्यात बुडालेली असते असा घ्या. नाहीतर एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर सोबतीला लावा. वीज आली की एअर पंप सुरू होतोच, त्याला पाणी ओढून घ्यायचं नसतं. पण हा स्पंज महिनाभर आधी टँकमध्ये जायला हवा. आदल्या दिवशी लावलेल्या कोऱ्या स्पंजमध्ये जिवाणू कुठून येणार? एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं नळीतून पंपात उतरतं. वायर सॉकेटच्या खाली एक झोल देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत पोचत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर फिल्टर त्याच्या लाइनवर घ्या. छोटा फिल्टर पाच-दहा वॉट खातो, त्याचा भार कळतही नाही. आणि निघताना सवयीने मेन स्विच खाली ओढणारं घरात एक माणूस असतंच. फिल्टरच्या स्विचवर आणि इन्व्हर्टरवर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवा.

कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. बंद डब्यात पाणी फिरायचं थांबलं की आतला ऑक्सिजन काही तासांत संपतो, जिवाणू मरू लागतात आणि पाणी सडतं. वीज आली की तेच पाणी टँकमध्ये येतं. शेजारच्यांना हे सांगून ठेवा: वीज अर्धा दिवस गेली असेल तर कॅनिस्टरचा प्लग काढून ठेवायचा आणि फोन करायचा.

पाणी. निघायच्या दोन दिवस आधी तिसरा हिस्सा बदला, अँटी-क्लोरीन घालून. पावसाळ्यात नळाचं पाणी गढूळ येतं आणि क्लोरीनचा वासही वाढलेला असतो, तेव्हा थेंब मोजून घाला, अंदाजाने नको. बोअरच्या पाण्याचा पीएच बहुधा जास्त असतो, तेव्हा ते वापरत असाल तर अमोनियाची धास्ती जास्त धरा. पंचवीस अंशांच्या आसपास, पीएच ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. म्हणजे तेवढ्याच घाणीत दहापट विष. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय निघू नका.

उडून गेलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने करा. वाफ होते ती नुसत्या पाण्याची, क्षार मागे राहतात. वरून बोअरचं पाणी ओतलं की क्षार चढतच जातात. दोन फूट बाय एक फुटाच्या टँकमध्ये एक सेंटिमीटर पातळी म्हणजे साधारण पावणेदोन लिटर. काठोकाठ भरा आणि वर काच ठेवा, कडेला हवेसाठी फट सोडून. काठोकाठ का, ते वर सांगितलं आहे: पातळी उतरली की फिल्टर पाणी सोडतो.

झाडं आठवडाभर आधी छाटा. व्हॅलिस्नेरिया आणि हायग्रोफिला दहा दिवसांत पृष्ठभाग झाकून टाकतात. पिवळी पानं काढा. एखादं सुटं पान ओढणाऱ्या जाळीवर चिकटलं तरी प्रवाह अर्धा होतो. जाळीवर स्पंजची टोपी चढवा. क्रिप्टोकोरीन आत्ता उपटून दुसरीकडे लावू नका, पानं वितळतील आणि तीच कुजत बसतील. दिवा सहा तासांवर आणा, टायमर हवाच. झाडांसाठी लावलेली कार्बन डायऑक्साइडची घरगुती बाटली, यीस्टची असो की सायट्रिक ॲसिडची, काढून ठेवा. वीज गेली तरी ती गॅस सोडतच राहते, आणि रात्री झाडंही ऑक्सिजनच घेतात.

खाणं: पिल्लं नसतील तर काहीच ठेवू नका. सुट्टीसाठी मिळणाऱ्या विरघळत्या वड्या छोट्या टँकमध्ये पाणी बिघडवतात. शेजारच्या काकूंना द्यायचंच असेल तर एकेका वेळेचं, चिमूटभर, कागदाच्या पुड्यांत बांधून द्या आणि डबा कपाटात कुलपात. काकू प्रेमाने जास्त घालतात. त्यांना खरं काम द्या: वीज जाऊन आली की येऊन धबधबा बघायचा. बंद पडला असेल तर डब्यात मगभर टँकचंच पाणी ओतायचं. हे तोंडी सांगू नका, समोर उभं राहून एकदा त्यांच्याकडून करून घ्या.

घर रिकामं आहे तर पेस्ट कंट्रोल उरकून घेऊ, असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. ती औषधं कोळंबी आणि मासे दोघांनाही मारतात आणि एअर पंप ती हवा थेट पाण्यात सोडतो. धुराची गाडी गल्लीत येते, टँकजवळची खिडकी बंद हवी.

निघायच्या सकाळी मासे मोजा, पातळी बघा, मेन स्विचची चाचणी शेवटची एकदा करा. पंधरा मिनिटं. बॅगा गाडीत चढेपर्यंत होते.

परत आल्यावर आधी वास घ्या, मेलेलं काही असेल तर काढा, अमोनिया तपासा, चौथा हिस्सा पाणी बदला. फिल्टर त्याच दिवशी धुऊ नका. मासे काचेपाशी झेपावले तरी पहिल्या दिवशी चिमूटभरच.