शाफ्टवरची खाच आणि लेझर क्लॅडिंग

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आमचा मासेमारीचा ट्रॉलर आहे. ग्लँड पॅकिंगखाली (शाफ्टभोवती पाणी अडवणारी दोरी) पंखा फिरवणाऱ्या शाफ्टला खोल खाच पडली होती; शाफ्ट ईएन ८ या मध्यम कार्बनच्या साध्या पोलादाचा. दोरी कितीही आवळा, पाणी आत यायचंच. आधी साध्या वेल्डिंगने भरून घेतली. उष्णतेने शाफ्ट वाकला आणि भराव्याच्या कडेने पुन्हा गंज धरला.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत शाफ्ट पुण्याला नेऊन लेझर क्लॅडिंग करून घेतलं. लेथवर झिजलेला भाग एक मिलिमीटर उतरवला, शाफ्ट आधी तापवला (या पोलादाला थंडच भरलं तर तडे जातात) आणि इन्कोनेल ६२५ या निकेलच्या मिश्रधातूची पूड लेझरने वितळवून थर चढवला. लेझरची उष्णता अरुंद पट्ट्यात राहते, म्हणून शाफ्ट फारसा वाकत नाही. खालचं लोखंडही थरात थोडंच मिसळतं, त्यामुळे पुडीतलं २० ते २३ टक्के क्रोमियम आणि ८ ते १० टक्के मॉलिब्डेनम जवळपास तसंच टिकतं. खाऱ्या पाण्यात खड्डे पडू न देण्याचं काम तेच करतं.

ग्राइंडिंगनंतर डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) तडे तपासून घ्याच. थर पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना पुढेपर्यंत न्या, नाहीतर कडेचं साधं पोलाद आधी खाल्लं जातं. पोलादाऐवजी स्वतः झिजणारे झिंकचे ठोकळेही मी तेव्हाच बदलले. यंदाचा हंगाम संपला, ग्लँड कोरडी नाही, पण थेंब थेंबच गळते, आणि तेवढं गळायलाच हवं.