समुद्रापासून दूरच्या शहरात मासळीचे रेस्टॉरंट निवडताना या चुका टाळा

"मासळी ताजी आहे ना?" या प्रश्नाला कोणत्याही वेटरने "नाही" असे उत्तर दिल्याचे ऐकिवात नाही, तरीही बहुतेक जण तोच विचारतात. त्याऐवजी कोणता मासा कोणत्या दिवशी येतो आणि तो बर्फात येतो की गोठवलेला, हे विचारावे. ज्या स्वयंपाकघराला आपला माल ठाऊक असतो तेथून नेमके उत्तर येते. टोलवाटोलवी झाली, तर त्यातूनही समजायचे ते समजते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे गोठवलेली मासळी दुय्यम प्रतीची असते, असे धरून चालणे. पकडल्यावर काही तासांत जहाजावरच वेगाने गोठवलेला आणि पुढे सतत उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात राहिलेला मासा, बर्फात आठवडाभर प्रवास केलेल्या तथाकथित ताज्या माशापेक्षा पुष्कळदा सरस ठरतो. मासा हळूहळू गोठला, तर आत बर्फाचे मोठे स्फटिक तयार होऊन पेशी फाटतात, आणि वितळताना पाणी निघून गेल्याने मांस कोरडे व चोथट लागते. वेगाने गोठवल्यास स्फटिक बारीक राहतात. अमेरिकन उद्योजक क्लॅरेन्स बर्ड्सआय यांनी १९२०च्या दशकात याच तत्त्वावर आपला गोठवलेल्या अन्नाचा व्यवसाय उभारला. किनाऱ्यापासून दूर बेचव मासा वाट्याला येतो, तेव्हा दोष बहुधा गोठवण्याचा नसतो, तर वाटेत सतत थंड ठेवण्याची साखळी तुटून तो वितळण्याचा आणि पुन्हा गोठवला जाण्याचा असतो.

लांबलचक मेनूला भुलणे ही दुसरी चूक. पन्नास प्रकारची मासळी रोज खपवणे मोठ्या रेस्टॉरंटलाही जड जाते आणि न खपलेला माल फ्रीजरमध्ये महिनोन्‌महिने पडून राहतो. चार-पाचच प्रकार असलेले, पण टेबले भरलेले ठिकाण निवडावे, आणि इतर टेबलांवर जे जात आहे तेच मागवावे. काचेच्या टाकीतील जिवंत खेकड्याचेही फार कौतुक करू नये. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या खेकड्याच्या कवचाखाली मांस थोडेच उरते.

वासाबाबत उलटा गैरसमज आढळतो. "मासळीचे हॉटेल आहे, वास येणारच," असे म्हणून लोक आत जातात. वास्तविक चांगल्या सागरी माशाला जेमतेम समुद्राच्या पाण्यासारखा वास असतो. उग्र दर्प येतो तो जिवाणूंनी माशातील घटकांचे विघटन करून तयार केलेल्या ट्रायमिथिलअमाइन या रसायनामुळे. दारातच तो जाणवला, तर परत फिरावे.

बांगडा आणि ट्यूना यांबाबत मात्र केवळ नाकावर विसंबू नये. हे मासे पुरेसे थंड ठेवले नाहीत, तर त्यांच्यात हिस्टामाइन हे विषबाधा घडवणारे रसायन साचते, आणि ते शिजवल्याने किंवा गोठवल्याने नष्ट होत नाही. पहिल्याच घासाला जिभेवर मिरीसारखी चुरचुर जाणवली, तर ती मसाल्याची समजून खात राहू नये, ताट परत करावे. मात्र अशी चुरचुर प्रत्येक वेळी जाणवेलच असे नाही. नंतर चेहरा लालबुंद होणे, डोके दुखणे किंवा अंगावर पुरळ उठणे अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांकडे जावे आणि काय खाल्ले होते ते आवर्जून सांगावे. शिंपल्यांची कसोटी सोपी आहे: शिजल्यावरही जो उघडला नाही, तो चमच्याने जबरदस्तीने न उघडता बाजूला ठेवावा.